करवत घे, कुऱ्हाड नको

राळेगाव
९ डिसेंबर २००७

प्रिय मधू,

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. थंडी चांगली पडली आहे. तुरीला शेंगा भरल्यात. कापसाबद्दल इथे कुणी आपणहून बोलत नाही.

तुझ्या भाचीला, केतकीला, सुट्टीत जंगलात मुक्कामाला नेतो आहेस आणि लाकडांसाठी काय न्यावं, हे मला विचारतोस. वाचून हसू आलं. वनखात्याच्या चौकीवर विचारून आपण केळापूरपलीकडे जायचो, ते किती हिवाळे! पिशवी मी भरायची आणि वाद तू घालायचास. "कुऱ्हाडीशिवाय जंगल कसलं?" म्हणायचास. तुझ्या धुरकट चहाची चव अजून जिभेवर आहे.

तर ऐक. घडीची करवत घे. मनगटाएवढं वाळलेलं, खाली पडलेलं लाकूड तिने बसल्या बसल्या कापता येतं. खिचडीला त्याहून जाड लागतच नाही. जोडीला जड पात्याचा कोयता. तुकडा उभा करायचा, पातं वर टेकवायचं आणि दुसऱ्या लाकडाने ठोकायचं. बाहेरून दमट असला तरी आतलं कोरडं निघतं. छोटी कुऱ्हाड मात्र नको. दांडा आखूड असतो, घाव चुकला की पातं पायाकडेच येतं.

हे तुला सांगायला नको. सागाच्या गाठीवरून ती घसरली आणि तुझी नडगी उघडी पडली, त्याला तीन वर्षं झाली. ओढणी आवळून बांधली आणि तुला कसंबसं रस्त्यावर आणलं. कापूस खरेदी केंद्रावरून परतणारा, हरिसिंग नावाच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर थांबला. ट्रॉली कापसाने तशीच भरलेली.

"कापसावर आडवं करा भाऊले," तो म्हणाला.

"डाग पडतील, दादा."

"पडू द्या, बाई. असाही कोणी घेऊन नाही राह्यलं."

पुढचं तुला ठाऊक नाही, तू ग्लानीत होतास. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर तो म्हणाला, "माही पोरगी गुंजन तुमच्याच शाळेत होती. आता कापूस येचायले जाते."

दवाखान्यात तू पुण्याच्या बदलीचं सांगितलंस. "येशील ना?" विचारलंस. मी गप्प राहिले आणि तू ते 'नाही' समजलास. माझं 'नाही' नव्हतं, मधू. वर्गातले रिकामे बाक डोळ्यांपुढे होते, तोंडातून हो निघेना. मग तू गेलास. मी घरोघर फिरत राहिले. गुंजन परत आली, आणखीही काही जणी आल्या. बऱ्याच आल्या नाहीत.

गुंजन यंदा दहावी झाली. यवतमाळला शिकते. परवा हरिसिंग शाळेत ते सांगायला आला आणि जाता जाता म्हणाला, "बाई, सरांचा पाय कसा हाय आता?"

मला माहीतच नव्हतं.

कसा आहे? थंडीत ठणकतो का? केतकीला विचारायला संकोच वाटतो. तिकडच्या डोंगरात पुढे कधीतरी जा. या सुट्टीत दोघं इकडे या. मी रजा टाकली आहे, तुला न विचारताच. नंतर कुठे राहायचं ते बोलू. या वेळी मी गप्प बसणार नाही.

सवयीने नव्हे, विचार करून लिहिते आहे,

तुझी
रजनी