तुळशीची बरणी

सांगली,
४ जानेवारी

प्रिय वीरधवल,

फोन तू उचलत नाहीस. चार दिवसांत अकरा वेळा लावला, म्हणून आता पत्र. पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेली बाई आहे मी. एखादी गोष्ट क्रमाने सांगितली की माणसाला ती कळते, यावर माझा अजूनही विश्वास आहे. आपल्या घराने एकतीस डिसेंबरला तो पुरता मोडीत काढला, हा भाग वेगळा.

तेव्हा क्रमाने. फलटणच्या मळ्यावर सगळे जमणार म्हटल्यावर पेयाचं काम मी मागून घेतलं. हंबीरदादा लगेच म्हणाला, "व्हय आक्का, आता बार काढतीस का काय?" मी सांगितलं, या ऋतूला शोभेल असं काहीतरी हलकं करणार आहे. डिसेंबरात ऊस रसाने भरलेला असतो, आलं ताजं मिळतं. यापेक्षा सुंदर कॉकटेल कुठलं? फक्त पद्धत सांभाळावी लागते. रस गाळला की त्याच मिनिटाला लिंबू पिळायचं, कारण रसातलं विकर, म्हणजे एन्झाइम, हवा लागताच त्याला काळपट करू लागतं आणि लिंबाचा आंबटपणा त्याला आवरतो. आल्याचा रस दहा मिनिटं स्थिर ठेवायचा. तळाशी पांढरा साका बसतो, तो हलवायचा नाही, वरचा निवळ भाग तेवढा घ्यायचा. चिमूटभर सैंधव. पेल्यात बर्फ मुळीच नाही, कारण वितळलेल्या बर्फाने रस पाणचट होतो आणि प्रमाणाचा हिशेबच उरत नाही. त्यापेक्षा बरणीच बर्फाच्या घमेल्यात बसवायची. पेला बरोबर एकशे ऐंशी मिलिलिटरचा, त्यात रम अवघी वीस. मोजपात्र मी सांगलीहून साडीच्या घडीत गुंडाळून नेलं होतं.

हे सगळं मी पडवीत बसलेल्या मंडळींना पाऊण तास समजावून सांगितलं. विकरापर्यंत येईतो निम्मे उठून गेले होते. दादाने शेवटी शेरा मारला, "आगं आक्का, वीस मिलीनं मुंगीबी डुलायची न्हाई." चार माणसांत हलकं पेय ठेवणं म्हणजे पाहुण्यांचा अपमान, अशी या माणसाची ठाम समजूत आहे, आणि पेला नाकारणं म्हणजे दादाचा अपमान. या दोन समजुतींपुढे माझी पदव्युत्तर पदवी काय कामाची!

आता बरण्यांकडे येते. त्या दोन होत्या. दोन्ही काचेच्या, तोटीच्या, अगदी सारख्या. एकीत रम होती. दुसरीत फक्त रस, लिंबू आणि आलं. रम पांढरी आणली होती ती मुद्दाम, रंगाने फरक कळू नये म्हणून. खूण म्हणून रमच्या बरणीत पुदिना टाकला आणि बिनदारूच्या बरणीत तुळस. मला ही खूण फार हुशारीची वाटली होती. आपल्या घरात दारूत तुळस कोण टाकेल? तेव्हा तुळस दिसली की ती बरणी स्वच्छ, हे कुणालाही न सांगता समजावं.

शालूकाकूंना ते नेमकं उलटं समजलं. दादाने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की दोन्ही बरण्यांत "आक्काचं औषध" आहे. मी तोंड धुवायला गेले तेवढ्यात काकू स्वयंपाकघरात आल्या, दारूत तुळस पाहून हादरल्या, आणि त्यांनी डावाने एकूण एक पान काढून वृंदावनाशी नेऊन ठेवलं. वर बरणी रिकामी दिसू नये म्हणून तीतही पुदिना टाकला! मग बरण्या पडवीत नेल्या, त्याही अदलाबदल करून. मला म्हणाल्या, "आगं, देवीचं पान दारूत बुडवतीस, शिकलीस ते कशाला?" हे त्या म्हणाल्या तुझी गाडी फाटकाबाहेर गेल्यावर.

कारण तोवर मी तुला माझ्या हाताने पेला भरून दिला होता. दिवेलागणीची वेळ, चष्मा रसाच्या गाळणीपाशी राहिलेला, बरणीत काहीतरी हिरवं दिसलं आणि जागा मी तुळशीच्या बरणीसाठी ठरवलेली, डावीकडची. तू पेला नाकाशी नेलास. माझ्याकडे पाहिलंस. मग तो कट्ट्यावर ठेवलास आणि तसाच घरी पलूसला निघून गेलास.

वीरू, दिवाळीला मी पाहिलं होतं. दादा "एकानं काय हुतंय रं गड्या" म्हणत मागे लागला, तेव्हा तू विहिरीवरची मोटर बघायला म्हणून गेलास आणि दोन तास आला नाहीस. मोटर चालूच होती. सव्वीस महिन्यांपूर्वी साताऱ्याच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात मी तुझी बॅग धरून उभी होते. त्यानंतर तुझा प्रत्येक सण असा घराबाहेर जावा, हे मला सहन होईना. तुझ्या हातात सगळ्यांसारखा पेला असावा, कुणी काही विचारू नये, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप होता. आणि विकराची गोष्ट साऱ्या पडवीला सांगणाऱ्या मी तुला मात्र "तुझी बरणी वेगळी आहे" हे एक वाक्य सांगितलं नाही. म्हटलं, तू चव घेशील, हसशील, आणि मला मजा वाटेल. माझा राग दादावर आहे, काकूंवर आहे, पण सर्वांत जास्त माझ्या या हौसेवर आहे.

तू गेल्यावर दादा म्हणाला, "घोटभर घेतला आन् लाजून पळाला." मी कट्ट्यावरचा तो पेला उचलला आणि सगळ्यांसमोर मोजपात्रात ओतला. दादाला म्हटलं, वाक आणि रेघ वाच. त्याने वाचली. एकशे ऐंशी. तुझ्या आक्काने तुला फसवलं नाही, आणि त्या दिवशी तू काय केलंस हे आता घरात प्रत्येकाला ठाऊक आहे, हे दोन्ही तुला कळावं म्हणून हे पत्र. संक्रांतीला सांगलीला ये. बरणी एकच असेल, पहिला घोट तुझ्यादेखत मी घेईन. तुळशीचं रोप काकूंनी पत्र्याच्या डब्यात लावून पाठवलंय. पानं तू आल्यावर तूच तोडून बरणीत टाक.

तुझीच, आणि यापुढे आधी सांगून मग ओतणारी,
आक्का