एकेचाळीस मुलींचा नंबर

मी, सरजाबाई व्यंकटी नरवाडे, वय ६३ वर्षे, किनवटच्या एका मुलींच्या वसतिगृहाची निवृत्त अधीक्षिका, सध्या राहणार नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, साखर थोडी वाढलेली आहे, आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मुलगा आनंदराज शेजारच्या खोलीत क्रिकेट बघत आहे. मी काय लिहिते आहे हे त्याला ठाऊक नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१) नांदेडचे दोन खोल्यांचे घर मी माझ्या पगारातून बांधले. ते आनंदराज आणि सून मनिषा यांना निम्मे-निम्मे मिळावे. दोघांच्या सह्या असल्याशिवाय ते विकू नये. आनंदराज, राग मानू नकोस. तू घाईचा आहेस, आणि मनिषा कोणताही कागद शेवटपर्यंत वाचते.

२) माझे पती कालवश व्यंकटी रेल्वेत गँगमन होते. त्यांचा हातोडा आणि कंदील आनंदराजला. माझे पितळी घंगाळ १९९४ पासून नणंद चांगुणाबाईकडे आहे. ती ते तिच्या माहेरचे म्हणते. ते तिच्याकडेच राहू द्यावे, पण ते माझे आहे याची नोंद या कागदाने व्हावी.

३) आता मुख्य गोष्ट. माझ्या मोबाइलचे सिम मी गेल्यावर बंद करू नये.

याचे कारण आनंदराजला अर्धेच माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते. वसतिगृहातल्या मुली जंगलातल्या गावांच्या. घरात फोन नसे, असला तर बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात. शिष्यवृत्तीचा, परीक्षेचा, प्रवेशाचा फॉर्म भरताना मोबाइल नंबर लागायचा. मी माझा देत गेले. पासवर्ड मुलीच्या डोक्यात आणि ओटीपी माझ्या फोनवर, अशी ती व्यवस्था झाली. दोन्ही जुळल्याशिवाय खाते उघडत नसे. बँकेचे खाते मात्र मी कोणाचेही माझ्या नंबरला जोडून घेतले नाही.

२०१८ साली अयोध्या नावाच्या मुलीला लातूरला नर्सिंगला जागा मिळाली. आठ दिवसांनी फोन आला.

"म्याडम, मी शिवशंकर, अयोध्याचा भाऊ बोलून राहिलो. तिचा फॉर्म भरायलोत. तुमच्याकडं नंबर आला असंल बघा."

मागून पोरांचा गलका ऐकू येत होता, आवाज अदबीचा होता. मेसेज आलेला होताच. मी आकडा वाचून दाखवला. त्या आकड्याच्या वर इंग्रजीत लिहिले होते की हा प्रवेश रद्द करण्यासाठी आहे. ती ओळ मी वाचली नाही. पासवर्ड त्याने बहिणीच्या वहीतून उतरवून घेतला होता. घरात तिच्या लग्नाची बोलणी चालू होती.

अयोध्या पत्र्याची पेटी घेऊन लातूरला गेली, तेव्हा कॉलेजच्या खिडकीत तिला सांगितले की तुमची जागा तुम्हीच सोडली आहे. ती घरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटीसकट माझ्या क्वार्टरच्या दारात उभी राहिली.

"म्याडम, नंबर तुम्ही दिला व्हय?"

"हाव. मीच दिला."

ती रडली नाही. पायरीवर बसली आणि पाणी मागितले. तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते. मी तिला वर्षभर माझ्याकडे ठेवून घेतले. शिवशंकर चार माणसे घेऊन आला. "आमची पोरगी हाय, नेतो," म्हणाला. मी म्हटले, तिलाच विचार. तिने आतूनच सांगितले, "न्हाई येत." पुढच्या वर्षी तिने पुन्हा फॉर्म भरला, पुन्हा जागा मिळवली. आज ती लातूरला स्टाफ नर्स आहे आणि दर रविवारी मला फोन करून साखर विचारते. माझ्या हातून तिचे एक वर्ष गेले, हे मी या कागदावर कबूल करते.

४) त्यानंतर मी नियम केला. आकडा फक्त त्या मुलीलाच, तिच्याच तोंडून मागितल्यावर. आणि आवाजावरही भरवसा नाही, म्हणून प्रत्येकीला एक प्रश्न. वसतिगृहात आलीस त्या दिवशी भाजी कोणती होती? तुझ्या खाटेवर अजून कोण झोपायचे? हे प्रश्न आणि उत्तरे निळ्या वहीत आहेत. वही अयोध्याकडे द्यावी, सिम मनिषाकडे. दोन्ही एका घरात ठेवू नयेत. फोनचा पिन इथे लिहीत नाही, कारण हा कागद दहा हातांतून जाईल. तो मनिषाला तोंडी सांगितला आहे.

५) अजून एकेचाळीस मुलींची खाती या नंबरवर आहेत. खात्यातला नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवरच आकडा येतो. आणि बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी परक्या माणसाला देते. म्हणून नंबर मनिषाने स्वतःच्या नावावर करून घ्यावा आणि दोन वर्षे चालू ठेवावा. रिचार्जपुरते पैसे माझ्या पोस्टाच्या खात्यातून घ्यावेत, उरलेले वसतिगृहाच्या वाचनालयाला द्यावेत. अयोध्याने एकेकीला फोन करून तिचे खाते तिच्या स्वतःच्या नंबरवर नेऊन द्यावे. नवऱ्याच्या नंबरवर नको, भावाच्याही नको.

६) शिवशंकरबद्दल. गेल्या वर्षी तो आपल्या मुलीला, सृष्टीला, घेऊन नांदेडला आला. तिला वसतिगृहात घातले होते. बराच वेळ चप्पल घालून दारातच उभा होता. मग म्हणाला, "म्याडम, हिच्या फॉर्मला तुमचाच नंबर लावा. घरातला नको." मी त्याला आत बोलावून चहा दिला. त्याच्यावरचा माझा राग त्या दिवशी संपला असे लिहिले तर ते खोटे होईल. अर्धा संपला. उरलेला मी सोबत नेते, मागे कोणी चालवू नये. माझी शिलाई मशीन सृष्टीला द्यावी.

७) अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. जेवणावळ नको.

८) राजकन्या नावाची मुलगी २०१९ साली दिवाळीच्या सुट्टीत गावी गेली ती परत आली नाही. घरचे लोक ऊसतोडीला गेले होते. मी दोनदा गावात जाऊन आले, कोणाला पत्ता सांगता आला नाही. यंदा जुलैमध्ये भर दुपारी माझ्या फोनवर तिच्या खात्याचा आकडा आला. कुठूनतरी कोणीतरी तिचा पासवर्ड बरोबर घातला होता. मी फोन हातात धरून बसले. दहा मिनिटांनी आकडा बाद झाला. फोन आला नाही. माझा नंबर तिच्याकडे राहिला नसेल.

तो आकडा पुन्हा येईल. मनिषा, तेव्हा फोन जवळ ठेव. फोन येऊन कोणी बोलले तर अयोध्याला जोडून घे आणि वहीतला प्रश्न विचारा. इतक्या वर्षांनी तिला उत्तर आठवणार नाही, असेही होईल. उत्तर चुकले तर आकडा देऊ नका. पण फोनही ठेवू नका. कुठे आहेस, ते विचारा.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी त्यावर खालील दोघींच्या समक्ष सही केली. दोघींनी माझ्या समक्ष सह्या केल्या. यातले काहीही त्यांच्या वाट्याला येत नाही, तरी त्या दुपारभर बसल्या, याबद्दल आभार.

सही: सरजाबाई व्यंकटी नरवाडे

साक्षीदार:
१. डॉ. जगदेवी शिवमूर्ती बिरादार, नांदेड
२. अंबिका देविदास पाईकराव, निवृत्त स्वयंपाकीण, किनवट

स्थळ: नांदेड
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५