आवाज बंद करून

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचं बोलणं अजून मागे उभं असतं. निवृत्तीनंतर मी छाणीला एका मंडळाच्या खोलीत मराठी मुलांना वाचायला शिकवते. बाहेर ती गुजराती बोलतात, घरी मराठी, आणि वाचताना दोन्हीकडे अडखळतात. मला 'बाई' कुणी म्हणत नाही, 'बेन' म्हणतात. तिथे टॅबलेट आहेत. गोष्ट उघडली की आतून आवाज वाचतो, वाचला जाणारा शब्द पिवळा होतो. मग तेच मुलानं वाचायचं, बरोबर आलं की पडद्यावर चांदण्या पडतात. दुसरीतल्या एका मुलीनं, वडील वाघोडियाला कारखान्यात, दिवाळीआधी हत्तीची गोष्ट न अडखळता वाचली, त्या आवाजाच्याच चढउतारांनिशी. मी वहीत तिच्यापुढे 'वाचते' लिहिलं आणि तिला माझ्या शेजारून उठवून मोठ्या वर्गात पाठवलं.

सुट्टीनंतर तिची आई आली. "बेन, तुम्ही सांगितलं म्हणून मी गावी मिरवलं. सासूबाईंनी लग्नाची पत्रिका पुढे केली, वाच म्हणाल्या. पोरीला एक अक्षर येईना. सगळे हसले. आता ती पुस्तकाला हात लावत नाही."

मला माझं नोकरीचं पहिलं वर्ष आठवलं. रावपुऱ्यातल्या शाळेत तुम्ही मुख्याध्यापिका, तपासायला माझ्या वर्गात येता, एक मुलगी घडाघडा वाचत असते, तुम्ही तिच्या पुस्तकावर तळहात ठेवता आणि ती तशीच पुढे वाचत राहते. "ही वाचत नाही, म्हणते आहे," तुम्ही साऱ्या वर्गासमोर म्हणालात. "एवढा फरक कळत नसेल तर बीए कशाला केलंत?" मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नव्हते.

मुलीला मी परत शेजारी बसवलं. नवी गोष्ट उघडली, आवाज बंद केला. आधी आपण वाचायचं, अडलं तर तेवढ्याच शब्दावर बोट ठेवायचं, टॅबलेट तेवढाच शब्द बोलतो. ही सोय पहिल्यापासून होती.

"तुम्ही हसणार नाय ने?" तिनं विचारलं.

"मी कधी हसते का?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "ते पण खरं."

एका ओळीला पाऊण तास गेला. तीन शब्दांवर बोट ठेवलं, बाकीचे तिचे तिनं वाचले. चांदण्या पडल्या तिकडे तिचं लक्षच नव्हतं. ती पुढच्या ओळीवर वाकली होती. माझी पाठ भरून आली होती.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच लिहिता येतंय. तुम्ही विचारलंच असतं, दिवाळीआधी ओळखता आलं नाही का? आलं होतं, बाई. पान उलटण्याआधीच ती पुढचं वाक्य म्हणाली होती. चार मुलं ताटकळली होती, मी दमले होते, मी 'वाचते' लिहून टाकलं. तिच्या आईला मात्र सांगितलं की टॅबलेटची चूक झाली.