टाकीतून आलेलं उत्तर

३ नोव्हेंबर
लातूर सोडून आले ते बरंच झालं! उल्हासनगरला कॅम्प ४ मध्ये खोली मिळाली. घरमालकीण सिंधी. "यशोधरा बेटा, खाना खाया?" म्हणत साई भाजीची वाटीच हातात ठेवली. नोकरी मोरिवलीच्या केमिकल कारखान्यात. टाकी साफ करायला माणसं आत उतरतात. ती बाहेर आल्याशिवाय वाफेचा व्हॉल्व्ह उघडू नये, यासाठी पायथनमध्ये प्रोग्राम लिहायचाय. वरिष्ठ जितेश सर हसतमुख आहेत.

५ नोव्हेंबर
आज प्रोटोकॉल, म्हणजे कामगार कुणाला म्हणायचं याची अट, लिहिला. 'कुठे आहेस?' याला ज्याच्या हेल्मेटमधून उत्तर येतं, तो कामगार. तो मुळात कोण, हे विचारायचं नाही. प्रोग्राममधली टाकी जेनेरिक केली, म्हणजे आत काय ठेवायचं ते आपण ठरवायचं, आणि तिच्यात फक्त कामगारच, असं ठरवून दिलं. दुसरं काही घातलं तर प्रोग्राम चालण्याआधीच टाइप चेकर अडवेल. एकही चूक निघाली नाही. सरांनी वडापाव मागवले.

८ नोव्हेंबर
रिकाम्या टाकीवर चाचणी घेतली. पडद्यावर उत्तर आलं, 'आत आहे.' हेल्मेटं तर सगळी खुंटीला होती. शेजारच्या टेबलावरच्या संजीवनीताई हळूच म्हणाल्या, याच टाकीत बबन नावाचा कामगार वाफेनं गेला. बाहेर काढला तेव्हा ओळखू येत नव्हता.

११ नोव्हेंबर
अट कडक केली. आता उत्तरासोबत नावही हवं. रिकाम्या टाकीतून नाव आलं. बबनचं नाही, सुजितचं. टाकी साफ करणारा सुजित तेव्हा माझ्यासमोर चहा पीत होता! चेकर तरीही हिरवा. तो फक्त आकार जुळतो का ते बघतो, आत कोण ते नाही. सर म्हणाले, "पास झालंय ना? मग टेन्शन कशाला घेतेस?"

१२ नोव्हेंबर
सुजित टाकीत उतरला. पडद्यावर 'सुजित: बाहेर आहे.' व्हॉल्व्ह आपोआप उघडला. मी वाफ बंद करायचं लाल बटण दाबलं, पण उशीर झाला. हात भाजले त्याचे. दवाखान्यात नेताना म्हणाला, "मॅडम, आत कुणीतरी होतं. माझ्याच आवाजात बोलत होतं."
अट मीच लिहिली होती.

१३ नोव्हेंबर
सर ऐकत नाहीत. आत काही नाही हे दाखवायला स्वतःच उतरलेत. मी पॅनेलपाशी, मोबाइलवर लिहितेय —

'जितेश: बाहेर आहे.'

नाहीत. आतून ठोकतायत —

पॅनेलची वायर उपटली. पडदा तरी चालू. वाफ —

ठोकणं थांबलं.

नवीन उत्तर. 'यशोधरा: आत आहे.'

मी बाहेर आहे. पॅनेलपाशी. समोर पडदा — पडदा कुठे — पायाखाली लोखंड, भिंत गोल — मी बाहेर आ