लेस्टर फ्युगेट जिवंत असेपर्यंत

मी, ऑर्लेना कॉडिल, विधवा, वय अठ्ठावन्न, राहणार ट्रेस फोर्क, पूर्व केंटकी. पोटातल्या गाठीमुळे मी फार दिवस काढणार नाही असे डॉक्टर सांगतात. डोके मात्र जागेवर आहे. हा मजकूर कोणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या मनाने लिहीत आहे. आधीचे मृत्युपत्र मुलगा टोबिन याच्या नावे होते. ते रद्द समजावे. टोबिन हयात नाही.

१. टोबिनची पुस्तके त्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यावीत. पुढे वकिलीला जायचे म्हणून तो कायद्याचा इतिहास शिकत होता. शेवटचा निबंध त्याने जुन्या इंग्रजी नियमावर लिहिला: कोणी अंगावर आले तर पाठ भिंतीला लागेपर्यंत मागे हटायचे, मगच हात उचलायचा. आमच्याकडच्या न्यायालयांनी तो नियम पुढे सोडून दिला. जेवताना तो हे सांगू लागला की माझा दीर क्लेल हसायचा. "मागं हटतो तो कॉडिल कसला रे? तुझ्या आजोबाला विचार जा, थडग्यात आहे."

"म्हणूनच थडग्यात आहे, काका," टोबिन म्हणाला.

२. बंदुका. क्लेलने शेजारी लेस्टर फ्युगेटचा कुत्रा गोळी घालून मारला. त्याची माफी मागायला टोबिन एकटा गेला. लेस्टर बंदूक घेऊन बाहेर आला. टोबिन हात वर करून मागे सरकत गेला, धान्याच्या कोठाराला टेकला आणि म्हणाला, "लेस्टरकाका, आता मागं जागा नाही." पहिली गोळी गळ्यात, दुसरी तो पडल्यावर पाठीत. लेस्टरच्या बायकोने, डेल्फियाने, हे खिडकीतून पाहिले व शपथेवर सांगितले. तरी ज्यूरीने त्याला सोडले. आपल्या जमिनीवर माणसाने मागे हटायची गरज नाही म्हणे. पुरताना टोबिनला उंच कॉलरचा शर्ट घालावा लागला.

नवऱ्याच्या सर्व बंदुकांच्या नळ्या कापून टाकाव्यात. कोणालाही देऊ नयेत.

३. घर व जमीन. क्लेल माझ्या ओसरीवर बसून म्हणतो, "वहिनी, तू डोळे मीट, मग बघ. त्याच कोठारात उलटा टांगून सोलतो त्याला." तो हे करील. मग फ्युगेटांची मुले क्लेलच्या मुलांना मारतील. म्हणून घर व जमीन क्लेलने वापरावी, पण लेस्टर जिवंत असेपर्यंतच. लेस्टर आपल्या मरणाने गेला तर मालकी क्लेलची. कोणाही माणसाच्या हातून गेला तर सर्व विकून पैसे कायद्याचा इतिहास शिकणाऱ्या मुलांसाठी कॉलेजला द्यावेत.

लेस्टरला मी क्षमा केलेली नाही. दफनाच्या वेळी पाद्रींनी केली असे सांगू नये.

हे मी क्लेलला वाचून दाखवले.

"अर्धं खोरं टपलंय त्या डुकरावर, वहिनी! दुसऱ्याच कुणी उडवला तर?"

"मग राखण कर."

तो शिवी हासडून उठला आणि म्हणाला, "रात्री दाराला कडी तरी लावतो का तो म्हातारा?"

वाचून, समजून सही केली.
ऑर्लेना कॉडिल
ट्रेस फोर्क, १४ ऑक्टोबर २००३

आमच्यासमोर सही झाली:
आयरा स्लोन, पोस्टमन
डेल्फिया फ्युगेट, शेजारीण