आकाशगंगेत वाळत घातलेला जवला

कोपर, डोंबिवली

विहीणबाय नंदाताईंना सखुबाईचा मानाचा नमस्कार. तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का? इकडे आम्ही सगळी खुशाल. माझी एक दाढ गेली, पण ती तशीही सुक्या बोंबलाला घाबरायची. अक्षर समजून घ्या, शाळा दुसरीत सुटली (मिठागरावर हात कमी पडत होते, शाळेला माझी तेवढी गरज नव्हती).

तर आपली कृतिका. नात तुमची तशी माझीही, पण राहते माझ्याकडे, म्हणून आधी मी सांगते. एमएस्सीत ती पदार्थविज्ञान आणि आकाशातलं शिकते. ती पत्रिका बघायला शिकते असं तुम्ही मुरबाडला सांगत फिरता, ते आता बंद करा. तिने गच्चीवर चकचकीत कागद चिकटवून भलंमोठं चौकोनी नरसाळं बांधलंय, तोंड आभाळाकडे. त्यातून आकाशगंगेचा आवाज येतो. आपल्या कानाला नाही, कॉम्प्युटरला. आकाशगंगा डोक्यावर आली की पडद्यावरच्या रेघेला टेंगूळ येतं. तो आवाज तिकडून निघाला तेव्हा आपल्या खाडीला नावसुद्धा नव्हतं म्हणे. एवढ्या लांबचा पाहुणा आणि उतरला कुठे, तर आमच्या गच्चीवर.

आता विठ्ठलचं तुम्हाला माहीत आहे. जावई तुमचा, पण स्वभाव माझ्या सासऱ्यांचा. तो म्हणाला, कॉलेजच्या मॅडम ठाण्याहून बघायला येतील तेव्हा टेंगूळ दिसलं तर पुढे शीक, नाहीतर नंदाताईंनी आणलेला मुलगा बघू. पोरीने मान डोलावली. आणि त्याच आठवड्यात टेंगूळ गेलं.

रेघ वर चढली ती उतरायलाच तयार नाही. पोरीने वायरी सोडल्या, जोडल्या, जेवायची विसरली. मी गावदेवीला नारळ बोलले. माझा अर्धा जीव मात्र जवल्यात होता, कारण तो अजून वाळायचा होता. तो कुठे होता ते सांगते. कावळे घाण करतात म्हणून कृतिकाने नरसाळ्याच्या तोंडावर निळी ताडपत्री बांधलेली (आकाशाचा आवाज तिच्यातूनही आत येतो म्हणे, म्हणून ती सोडायची वेळच येत नाही). आत चहूकडून चकाकी, ऊन लागलं की भट्टी, मांजराची वर चढायची टाप नाही. अशी जागा अख्ख्या कोपरमध्ये शोधून मिळायची नाही. मी टोपलीभर ओला जवला आत पसरला आणि तिच्यासारखीच गाठ मारून ताडपत्री परत बांधली. वासाचं म्हणाल, तर आमच्या घरात वासावरून कुणाला काय कळणार?

मॅडमना कळलं. ऐश्वर्या मॅडम, बारीकशा, चष्मेवाल्या. जिन्यातच थांबल्या, नाक वर केलं आणि सरळ जाऊन ताडपत्री सोडली (एवढं शिकूनही नाक शाबूत आहे). कृतिका चुन्यासारखी पांढरी पडली. विठ्ठल माझ्याकडे असा बघायला लागला, जशी मीच त्या मुलाकडची.

पण मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "रेघ वर का गेली, सांग बघू."

पोर म्हणाली, "जवला गरम आहे, मॅडम. गरम वस्तू स्वतःच बोलते. आकाश थंड, म्हणून ते कमी बोलतं."

मग तिने जवला काढला, रेघ खाली आली. परत ठेवला, वर गेली. गरमाचं माप जवल्याने दिलं, थंडाचं आकाशाने, आता आकाशगंगा किती बोलते ते मोजता येईल, असं ती बापाला समजावत होती आणि विठ्ठल (विठ्ठल बरं का) ऐकत होता. दुपार कलली, आकाशगंगा डोक्यावर आली (ती दिवसाही येते, हे मला नवीन) आणि रेघेला टेंगूळ आलं. विठ्ठलने मॅडमना खुर्ची दिली आणि पुढच्या वर्षाला काय काय लागेल ते विचारलं. नंदाताई, मी मेले नाही याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला.

तुमची विहीण,
सखुबाई

ता. क. इथे मोबाईलचा गोंगाट फार, म्हणून कृतिकाला नरसाळं दोन महिने तुमच्या अंगणात ठेवायचंय. तुम्ही आणलेल्या मुलाला नाही म्हटल्यावर तुम्हाला हे विचारायची तिला लाज वाटते. मला वाटत नाही.

आणखी एक. त्या मुलाला यायचंच असेल तर येऊ द्या. नरसाळं टेम्पोतून उतरवायला माणूस लागेलच.

आणि शेवटचं. त्यात तुमच्या कुरडया वाळत घालू नका. जवल्याचं माप कॉलेजात पोचलंय, कुरडयांचं पोरीला पहिल्यापासून काढावं लागेल.