सील शाबूत असल्यास

वकीलसाहेबांच्या खोलीतला एकुलता एक पंखा फक्त वकीलसाहेबांनाच वारा घालतो, ही तक्रार सर्वप्रथम नोंदवून, घाम पुसत पण पूर्ण शुद्धीत, मी हे लिहून देते. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. माझी जीभ ओळखणारा कोणी ती करणारही नाही.

१. दागिने नणंदेच्या मुलीला. नणंदेला माझा मिक्सर, जो ती नेऊन परत द्यायला सतत विसरते. आता खुशाल विसरावं.

२. वडिलांची जुनी गाडी. हिला क्लचचं पेडल नाही, गिअर ती आपणच बदलते. कधी बदलायचा, हे अ‍ॅक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत गेलेली एक केबल ठरवते. केबल ताणली की गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात, सैल केली की लवकर आणि लोण्यासारखे. पण सैल केबलने चढावर पेडल दाबलं तरी खालचा गिअर येत नाही. इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही.

खाणीच्या चढावर ट्रकला मागे टाकताना मला हे कळलं. समोरून दुसरा ट्रक येत होता. त्याचा ड्रायव्हर शहाणा, म्हणून हे मृत्युपत्र मी लिहिते आहे, नाहीतर माझ्याविषयी चार ओळी दुसऱ्या कोणी लिहिल्या असत्या.

३. घरी येऊन मी केबल बेताची ताणली, नट आवळला, त्यावर नेलपॉलिशची लाल रेघ ओढली आणि पतींना सगळं समजावलं. आठवड्यात रेघ तुटली. पुन्हा आवळला. पुन्हा तुटली.

"अहो, केबलला हात लावलात?"

"मी? मला बॉनेट तरी उघडता येतं का गं?"

त्यांच्या बाहीवर लाल कण होते.

काल म्हणाले, "रविवारी ताईकडे तू गाडी घेऊन पुढे हो. मी बसने येतो. त्या झटक्यांनी पाठ धरते माझी."

ताईचं, म्हणजे माझ्या नणंदेचं, घर त्याच खाणीच्या चढाच्या वर आहे.

त्यांना पाठ सांभाळायची आहे की मला घालवायचं आहे, हे मला ठरवता येत नाही. मूर्ख आणि मारेकरी, दोघंही नट तेवढाच फिरवतात.

४. म्हणून आज मेकॅनिककडून केबल नीट लावून नटाला तार आणि शिशाचं सील मारून घेतलं आहे. माझ्या मृत्यूच्या वेळी सील शाबूत असल्यास गाडी, घर आणि माझी क्षमायाचना पतींना मिळावी. तुटलेलं असल्यास गाडी तरीही त्यांनाच, पण आहे त्या स्थितीत. त्यांनी ती एकट्याने खाणीच्या चढावर न्यावी आणि भरलेल्या एका ट्रकला मागे टाकावं. वर पोचल्यास घर त्यांचं. नकार दिल्यास घर नणंदेच्या मुलीचं, केबल पोलिसांची.

यात सूड नाही. त्यांना गिअर मऊच आवडतात.

५. या मृत्युपत्राची एक प्रत आज जेवणाच्या टेबलावर, त्यांच्या चष्म्याखाली ठेवते आहे.

साक्षीदार: १. गिअरबॉक्स मेकॅनिक (सही). २. वकीलसाहेबांची टायपिस्ट (सही).
लिहून देणार: घराची व गाडीची मालकीण (सही).
ठिकाण: पंख्यापासून लांबची खुर्ची.
दिनांक: शनिवार, चढाच्या आदल्या दिवशी.

ता. क. साक्षीदार क्रमांक एक यांचा, केबलच्या नटाला बसणारा दहा नंबरचा पाना बरेच दिवस माझ्याकडे होता. सही झाल्यावर पुसून त्यांच्या हातात दिला.

"राहू द्या ताई, लागेल."

"नको," मी म्हटलं. "घरात नको."